विश्लेषण : धुऱ्यावरचे रानफूल ओळखायचे कसे? फादर सांतापाव यांच्या पद्धतीचा भंडाऱ्याला काय उपयोग?

खंडाळा आणि पुरंदरच्या डोंगरांवर वर्षानुवर्षे फिरून तिथल्या रानफुलांची यादी करणारे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांच्या निधनाला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. भंडारा जिल्हा त्यांच्या पुस्तकांत नाही. तरीही बांधीच्या धुऱ्यावर किंवा मामा तलावाच्या काठावर दिसलेल्या फुलाचे नाव खात्रीने सांगायचे असेल, तर आजही त्यांच्याच पद्धतीने जावे लागते. ही पद्धत काय होती आणि भंडाऱ्यासाठी ती का महत्त्वाची आहे, याविषयी…

फुलाचे नाव चुकले तर बिघडते काय?

पहिल्या सरी पडल्या की भंडाऱ्यात धुरे, बोड्यांचे काठ आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या जागा हिरव्या होतात. कुरडू, केना, तेरडा, कळलावी अशी एकामागून एक फुले येतात. अनेकजण मोबाइलवर छायाचित्र काढतात, अ‍ॅप एक नाव सुचवते आणि तेच नाव पुढे समूहांवर फिरते. नुसती हौस असेल तर चुकीच्या नावाने फारसे बिघडत नाही. पण याच जिल्ह्यात त्याच पावसात रानभाज्याही खुडल्या जातात.

तरोट्याचे उदाहरण पाहू. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला टाकळा म्हणतात तो हा तरोटा. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी विदर्भात घरोघरी होते. त्याचा जवळचा नातेवाईक कासविंदा त्याच पडीक जागेत उगवतो. त्यालाही तशीच पिवळी फुले आणि तशाच संयुक्त पर्णिका असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचा बळी घेणाऱ्या एका आजारामागे कासविंद्याच्या बिया खाल्ल्या जाणे हे संभाव्य कारण असल्याचे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही झाडांतला फरक फुलात शोधण्यापेक्षा पानात शोधणे सोपे. तरोट्याच्या पानात बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि पर्णिकेचे टोक रुंद, गोलसर असते. कासविंद्यात जोड्या जास्त असतात आणि टोक निमुळते असते. कासविंद्याच्या देठाच्या अगदी बुडाशी एक बारीक ग्रंथी दिसते, तर तरोट्याच्या ग्रंथी खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये असतात.

फुलावर भाळून न जाता पान, देठ, खोड, फळ आणि जागा असे सगळे झाड वाचण्याची ही सवय सांतापाव यांनी महाराष्ट्रातल्या वनस्पती अभ्यासकांच्या दोन पिढ्यांना लावली.

फादर सांतापाव कोण होते?

हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनमधील तारागोना प्रांतातल्या ला गालेरा या गावी झाला. तरुणपणीच ते जेझुइट संघात दाखल झाले. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईतील जेझुइट मिशनची जबाबदारी जर्मन धर्मगुरूंकडून स्पॅनिश धर्मगुरूंकडे आली होती. इतिहास संशोधक फादर हेरास १९२२ मध्ये याच ओघात मुंबईत आले. सांतापाव १९२८ मध्ये भारतात आले.

त्यांचे विज्ञानाचे पुढील शिक्षण लंडनमध्ये झाले. तिथे पदवी आणि डॉक्टरेट मिळवताना त्यांनी क्यू येथील राजकीय वनस्पती उद्यानाच्या संग्रहात भारतीय वनस्पतींचा अभ्यास केला. हा टप्पा त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरला. ब्रिटिश काळात भारतातून गेलेले वाळलेल्या वनस्पतींचे असंख्य नमुने क्यूमध्ये होते. एखाद्या वनस्पतीचे नाव मूळ ज्या नमुन्यावरून दिले गेले, तो नमुनाही अनेकदा तिथेच असे. भारतात बसून केवळ पुस्तकातील वर्णन वाचणारा अभ्यासक जिथे अडखळतो, तिथे मूळ नमुना डोळ्यांनी पाहिलेला माणूस ठामपणे बोलू शकतो.

१९४० मध्ये ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. याच महाविद्यालयात स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी पश्चिम भारतातील वनस्पतींचा मोठा संग्रह उभा केला होता. ब्लॅटर १९३४ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह वाढवणे आणि त्यातील नावे तपासणे हे काम सांतापाव यांनी पुढे नेले. त्यांनी पुढे भारतीय नागरिकत्वही स्वीकारले.

त्यांच्या आधी महाराष्ट्रातील फुलांसाठी कोणते पुस्तक होते?

संपूर्ण भारतासाठी जोसेफ हूकर यांचे ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ १८७२ ते १८९७ या काळात सात खंडांत आले होते. मुंबई इलाख्यासाठी मुख्य आधार होता तो थिओडोर कुक यांच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ या ग्रंथाचा. कुक हे मूळचे आयरिश अभियंता. रेल्वेच्या कामासाठी भारतात आले आणि पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये बसून त्यांनी १९०१ ते १९०८ या काळात हा ग्रंथ पूर्ण केला. यात वनस्पतींची स्थानिक नावेही होती. त्यामुळे मराठी मुलखात पुढची कित्येक वर्षे हाच ग्रंथ प्रमाण मानला गेला.

भंडाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. कुक यांचा ग्रंथ मुंबई इलाख्यापुरता होता आणि भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. एका राजकीय सीमेमुळे कोकण, देश, खानदेशातील रानफुले एका ग्रंथात आली आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील फुले त्याबाहेर राहिली. मध्य प्रांतासाठी वनाधिकारी हेन्स यांची वर्णनात्मक यादी १९१६ मध्ये निघाली. पण ती वनखात्याच्या गरजेतून आलेली होती. तिचा भर झाडे, झुडपे आणि उपयोगी वनस्पतींवर होता. धानाच्या बांधीत चार आठवडे फुलून जाणाऱ्या बोटभर रोपट्याला अशा यादीत जागा मिळणे कठीणच.

खंडाळा आणि पुरंदरच का निवडले?

कुक यांचा ग्रंथ मोठ्या प्रदेशाचा होता. कोणती वनस्पती साधारण कुठे आढळते हे त्यातून कळे. मात्र एका डोंगरावर नेमके काय काय आहे, कोणत्या महिन्यात फुलते, किती विपुल आहे, हे त्यातून कळत नसे. सांतापाव यांनी हे काम लहान प्रदेशापासून सुरू केले. मुंबईहून रेल्वेने सहज गाठता येणारा खंडाळ्याचा परिसर त्यांनी निवडला. तिथे ते पुन:पुन्हा गेले. त्याच वाटा पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तुडवल्या. या कामातून १९५३ मध्ये ‘फ्लोरा ऑफ खंडाला’ हा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या मालिकेत प्रसिद्ध झाला. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या.

पुरंदर किल्ल्याच्या परिसरातही त्यांनी हाच मार्ग धरला. १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षांची भटकंती आणि नोंदी यांतून पुरंदरच्या सपुष्प वनस्पतींची सूची तयार झाली. सौराष्ट्रातील वनस्पतींवरही त्यांनी काम केले. मुंबई परिसरातील आमरांवरचा (ऑर्किड) ग्रंथ त्यांनी झेड. कापडिया यांच्यासह १९६६ मध्ये प्रसिद्ध केला.

बारा वर्षे एकाच डोंगरावर जाण्यामागे शास्त्रीय कारण होते. रानफुले सगळी एकाच वेळी भेटत नाहीत. काही कंदवर्गीय वनस्पती पहिल्या पावसाबरोबर आधी फूल काढतात आणि पाने नंतर येतात. फुलाचा अभ्यास करायला जूनमध्ये जायचे आणि पानासाठी ऑगस्टमध्ये. गवतांना दिवाळीच्या सुमारास तुरे येतात. पळस फाल्गुनात निष्पर्ण अवस्थेत फुलतो. फळ हाती आल्याशिवाय काही कुळांतील वनस्पतींची जात ठरवताच येत नाही. एका सहलीत केलेली यादी ही त्या दिवसाची यादी असते, त्या जागेची नसते.

कारवीने काय दाखवून दिले?

वेळेचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दिसते ते सह्याद्रीतील कारवीत. कारवीची झुडपे डोंगरउतारावर वर्षानुवर्षे नुसती वाढतात. साधारण सात-आठ वर्षांनी एकाच हंगामात सगळा उतार जांभळ्या फुलांनी भरतो, बी धरते आणि झुडपे मरून जातात. मुंबई परिसरात २००८, २०१६ आणि २०२४ अशा आठ वर्षांच्या अंतराने हा बहर दिसला. मधल्या सात वर्षांत आलेल्या अभ्यासकाला कारवीचे फूल तिथे बहुधा दिसणारच नाही. सांतापाव यांनी मुंबई इलाख्यातील कारवी आणि तिच्या भावंडांवर स्वतंत्र लेखन केले. कारवी ज्या कुळातील आहे, त्या कुळाचा त्यांनी विशेष अभ्यास केला होता.

हे कुळ भंडाऱ्याला परके नाही. अडुळसा, कोरांटी आणि तालीमखाना ही याच कुळातील. तालीमखाना तलावाच्या काठी, ओलसर जागी वाढतो. खोडाच्या प्रत्येक पेऱ्यावर पानांचा झुबका, त्यात लांब काटे आणि जांभळट-निळी दोन ओठांची फुले अशी त्याची खूण. पाऊस सरून तलावाचे पाणी मागे हटू लागले की तो नजरेत भरतो. मालगुजारी काळातील तलावांनी भरलेल्या या जिल्ह्यात तो शोधायला लांब जावे लागत नाही.

वाळवलेल्या नमुन्याला इतके महत्त्व का?

सांतापाव यांच्या कामाचा पाया वाळवलेला नमुना हा होता. पान, फूल आणि शक्य तर फळासह फांदी वा रोप घ्यायचे, कागदाच्या घड्यांत दाबायचे, कागद वरचेवर बदलत ते पूर्ण वाळवायचे आणि जाड कागदावर पक्के करायचे. असा कागद साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरचा असतो. कोपऱ्यातील चिठ्ठीवर गाव, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक लिहायचा. वाळल्यावर जे दिसेनासे होते, म्हणजे फुलाचा रंग, वास, झाडाची उंची, चीक होता की नाही, तेही तिथेच नोंदवायचे.

या चिठ्ठीमुळे नाव तपासता येते. एखाद्याने पन्नास वर्षांपूर्वी चुकीची ओळख पटवली असेल, तरी नमुना जागेवर असतो. पुढचा अभ्यासक तो काढून पाहतो आणि दुरुस्ती करतो. नमुना नसलेल्या यादीत चूक असेल, तर ती कोणालाच दुरुस्त करता येत नाही. ती एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहते. सांतापाव यांनी जुन्या ग्रंथांतील अनेक नावे तपासली आणि दुरुस्त केली ती या नमुन्यांच्या बळावर. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे असे लेखन सातत्याने येत असे. सालिम अली यांच्यासोबत त्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले.

शास्त्रीय नावे सारखी का बदलतात?

रानफुलांच्या हौशी अभ्यासकाला सर्वाधिक वैताग येतो तो बदलत्या नावांचा. भंडाऱ्याच्या जंगलांविषयी ब्रिटिश काळातील मजकूर वाचला तर मोहाचे नाव बॅसिया लॅटिफोलिया असे सापडते. आजच्या पुस्तकांत ते मधुका गणात आहे. पळस तेव्हा ब्युटिया फ्रॉन्डोसा होता, आता ब्युटिया मोनोस्पर्मा आहे. तरोटा कॅसिया टोरा होता, तो सेना टोरा झाला. तालीमखाना आधी अ‍ॅस्टेराकँथा गणात होता, आता हायग्रोफिला गणात आहे.

यामागे दोन कारणे असतात. पहिले, नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लिनियस यांच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून पुढे रीतसर प्रसिद्ध झालेले सर्वांत जुने नाव ग्राह्य धरले जाते. जुन्या साहित्यात अधिक आधीचे नाव सापडले की प्रचलित नाव मागे पडते. दुसरे, अभ्यासातून एखाद्या वनस्पतीचे नाते नव्याने उलगडते आणि ती दुसऱ्या गणात जाते. सांतापाव यांच्या हयातीत भारतीय वनस्पतींची नावे या नियमांनुसार लावण्याचे बरेच काम बाकी होते. कुक यांचा ग्रंथ १९५८ मध्ये पुनर्मुद्रित झाला, तेव्हा तो अभ्यासकांच्या हाती पुन्हा आला खरा, पण त्यातील अनेक नावे जुनी झाली होती.

हा नियम सांतापाव यांच्या स्वत:च्या नावालाही चुकला नाही. त्यांच्या सन्मानार्थ दक्षिण भारतातील एका वनस्पतीच्या गणाला ‘सांतापावा’ हे नाव देण्यात आले होते. पुढील अभ्यासात तो गण वेगळा मानण्याची गरज नसल्याचे ठरले आणि ती वनस्पती हायग्रोफिला गणात, म्हणजे आपल्या तालीमखान्याच्या पंगतीत जाऊन बसली.

सर्वेक्षण संस्थेतील वाद काय होता?

भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० मध्ये स्थापन झाली होती. स्वातंत्र्यानंतर तिची अवस्था खिळखिळी झाली होती. तिच्या पुनर्रचनेसाठी पंतप्रधान नेहरूंनी विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना परदेशातून बोलावून घेतले. पुनर्रचना झाल्यावर मात्र जन्माने युरोपीय असलेल्या सांतापाव यांना त्यांच्यापेक्षा वरच्या पदावर नेमण्यात आले. जानकी अम्मल यामुळे दुखावल्या होत्या, हे त्यांच्यावरील चरित्रपर लेखनात नोंदलेले आहे.

हा वाद दोन व्यक्तींपुरता नव्हता. देशातील वनस्पतींचे ज्ञान कोणाच्या नजरेतून उभे राहावे, हा प्रश्न त्यामागे होता. क्यूच्या परंपरेत घडलेल्या अभ्यासकांचा भर संग्रह, वर्गीकरण आणि नामकरणावर होता. जानकी अम्मल यांनी वनस्पतींचा माणसांशी असलेला संबंध, विशेषत: आदिवासी समाजांचे वनस्पतीज्ञान यांकडे लक्ष वेधले. आज मागे वळून पाहता दोन्ही बाजूंचे काम एकमेकांना पूरक ठरले, असे म्हणता येते. भंडाऱ्यात तर हे सहज पटते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जे झाड गोंडी नावाने ओळखले जाते, ते साकोलीच्या बाजारात वेगळ्या नावाने आणि पुण्यात तिसऱ्याच नावाने. लोकांच्या नावाशिवाय त्या झाडाचा उपयोग कळत नाही आणि शास्त्रीय नावाशिवाय तेच झाड दुसऱ्या जिल्ह्यात आहे की नाही हे ठरवता येत नाही.

संचालक म्हणून त्यांनी काय केले?

१९६१ ते १९६७ या काळात सांतापाव या संस्थेचे संचालक होते. मुख्यालय कोलकात्यात असल्याने त्यांचा मुक्काम तिकडे हलला. पुनर्रचनेनंतर देशभर विभागीय केंद्रे सुरू झाली होती. त्यातील पश्चिम विभागाचे केंद्र १९५५ मध्ये पुण्यात सुरू झाले. त्यामुळे एका प्राध्यापकाने सुटीत केलेल्या सहलींवर अवलंबून असलेले काम वेतनावरील अभ्यासकांच्या नियमित मोहिमांकडे गेले. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये अस्तित्वात आल्यावर विदर्भही याच विभागाच्या कक्षेत आला.

सामान्य वाचकासाठीही त्यांनी लिहिले. नॅशनल बुक ट्रस्टसाठी त्यांनी लिहिलेले ‘कॉमन ट्रीज’ हे पुस्तक १९६६ मध्ये आले. वनस्पतिशास्त्रातील कामासाठी त्यांना बिरबल सहानी पदक मिळाले आणि १९६७ मध्ये भारत सरकारने पद्मश्री देऊन गौरविले. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ए. एन. हेन्री यांच्यासह त्यांनी तयार केलेला भारतातील सपुष्प वनस्पतींचा कोश त्यांच्या पश्चात, १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

भंडाऱ्याच्या वाट्याला काय आले?

कुक यांच्या ग्रंथाने सोडलेली पोकळी भरायला जवळपास नव्वद वर्षे लागली. शेजारच्या नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवर एन. आर. उगेमुगे यांचा ग्रंथ १९८६ मध्ये आला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने संपूर्ण महाराष्ट्राच्या सपुष्प वनस्पतींचे खंड काढले. एकदलिकित वनस्पतींचा खंड १९९६ मध्ये, तर द्विदलिकित वनस्पतींचे दोन खंड २००० आणि २००१ मध्ये आले. विदर्भासह सगळा मराठी मुलूख एकत्र सामावणारे हे खंड पुण्याच्या केंद्रातील अभ्यासकांनी तयार केले. ज्या वर्षांत ते निघाले त्याच काळात, १ मे १९९९ रोजी, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे जुन्या नोंदीत भंडारा लिहिलेले ठिकाण आज गोंदियात असू शकते. चिठ्ठीवर जिल्ह्यासोबत गावाचे नाव असणे का गरजेचे, हे यावरून लक्षात येते.

राज्याचा ग्रंथ म्हणजे मोठे जाळे. त्यातून लहान मासे निसटतात. खंडाळ्यासाठी सांतापाव यांनी जे केले, तसे काम आंबागडच्या डोंगरावर, कोका अभयारण्याच्या आसपास, पवनीच्या परिसरात किंवा एखाद्या मामा तलावाच्या काठावर बारा महिने आणि अनेक वर्षे झाले, तरच जिल्ह्याचे चित्र नेमके होईल.

त्याची घाई का आहे?

गोसेखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. पुढे जलाशय भरत गेला, तशी वैनगंगेकाठची शेते, गावे आणि काठावरची झाडोरा असलेली जमीन पाण्याखाली गेली. त्या काठावर पूर्वी कोणती रानफुले होती, या प्रश्नाचे उत्तर जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरच मिळू शकते. जिथून नमुना गोळा झाला नाही, तिथले उत्तर पाण्याबरोबर गेले. खंडाळ्याबाबत असे झाले नाही. तिथे द्रुतगती मार्ग झाला, बंगले वाढले, पर्यटक वाढले. पण १९५० च्या दशकातील यादी हाताशी असल्याने काय टिकले आणि काय गेले, याची तुलना करता येते.

भंडाऱ्यात आता बदल धुऱ्यांवर होत आहे. धुरा तणनाशकाने साफ करण्याची पद्धत रूढ होते आहे. तलावांचे काठ खोलीकरणात उकरले जातात. गाजरगवत आणि घाणेरी यांसारख्या बाहेरून आलेल्या वनस्पती मोकळी जागा व्यापतात. कुरडूसारखी दणकट फुले यातूनही तग धरतील. ओल्या बांधीत उगवणाऱ्या गेंदासारख्या बारीक वनस्पतींना मात्र अशी खात्री देता येत नाही.

फिरायला जाताना काय करावे?

सांतापाव यांच्या पद्धतीतील बहुतेक गोष्टी कोणालाही करता येतात. गावाजवळची एकच वाट निवडावी आणि महिन्यातून किमान एकदा तिथे जावे. प्रत्येक वेळी तारीख, गाव, जागेचा प्रकार (धुरा, तलावाचा काठ, मुरमाड पडीक, जंगलाची कड) लिहावा. छायाचित्र केवळ फुलाचे समोरून काढू नये. संपूर्ण झाड, खोड, पानाच्या दोन्ही बाजू, फुलाची बाजू आणि फळ अशी पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोड गोल आहे की चौकोनी, चीक येतो का, वास कसा आहे, हे लिहून ठेवावे. गावातील जाणत्यांकडून स्थानिक नाव विचारून घ्यावे आणि ते कोणत्या गावात मिळाले तेही नोंदवावे.

अ‍ॅपने सुचवलेले नाव सुरुवात म्हणून वापरता येते. ते राज्याच्या ग्रंथातील वर्णनाशी ताडून पाहावे. महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात नमुन्यांचा संग्रह असेल, तर तिथे खातरजमा करता येते. खाण्यासाठी मात्र अ‍ॅपवर विसंबू नये. कळलावीचे फूल कोणीही ओळखेल, पण फूल येण्याआधी तिचा वेल साधा हिरवा दिसतो आणि तिचा कंद अत्यंत विषारी असतो. तिच्या पानाचे टोक तारेसारखे गुंडाळलेले असते, ही खूण फुलाआधी कामी येते.

नमुना घेताना मर्यादा पाळाव्या लागतात. कोकासारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय वनस्पती तोडणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरतो. तिथे छायाचित्र आणि नोंद एवढेच करावे. बाहेरही, एका जागी मोजकीच रोपे असतील तर त्यांना हात लावू नये. कंद तर उपटूच नये.

पुढे काय?

सांतापाव यांच्याकडे डिजिटल कॅमेरा नव्हता, उपग्रहावरून ठिकाण सांगणारे यंत्र नव्हते. आज भंडाऱ्यातील शाळकरी मुलाकडेही या गोष्टी असतात. कमतरता आहे ती एकाच वाटेवर वर्षानुवर्षे जाण्याच्या चिकाटीची आणि नोंद लिहिण्याच्या सवयीची. जिल्ह्यातील सात तालुक्यांतील एकेका शाळेने किंवा महाविद्यालयाने एकेक तलाव वा टेकडी दहा वर्षांसाठी वाटून घेतली आणि नोंदी नीट जपल्या, तर इलाख्याच्या सीमेबाहेर राहिल्यामुळे अपुरे राहिलेले भंडाऱ्याचे पान भरता येईल. पुढच्या पावसाळ्यात धुऱ्यावर उगवलेला तरोटा हा त्यासाठी पहिली नोंद म्हणून पुरेसा आहे.